दगडाची वरची बाजू कुठली?

"फुलं बघायची असतील तर आधी दगड बघावे लागतील. ज्यांना दगडांचा कंटाळा आहे त्यांनी खुशाल कासला जावं." आमचे सर रविवारच्या दगड-फुलं बघायच्या फेरीचा निरोप पाठवतात त्यात हे वाक्य असतंच. ते वाचून बरीच नावं गळतात, आणि माझ्या मते ते बरंच होतं. मला मात्र त्या वाक्यानंच ओढलं. माझी सगळी नोकरी शिरोलीच्या फौंड्रीत, म्हणजे लोखंडाच्या ओतकामात झाली, त्याआधीची उमेदवारी कोल्हापूरच्या उद्यमनगरात. फुलांतलं मला काही कळत नव्हतं. तेरडा तेवढा ओळखायचो, तोही घरी तेरड्याची गौर येते म्हणून. बायको शाळेत विज्ञान शिकवते. तिनं तिचं नाव घातलं आणि माझंही घालून टाकलं. "अहो, रविवारी घरात बसून करता काय? चला," एवढंच बोलणं झालं.

सर म्हणजे वनस्पतिशास्त्राचे निवृत्त प्राध्यापक. मृगाचे एक-दोन पाऊस झाले की सुरू करतात आणि गवत पिवळं पडेपर्यंत, म्हणजे दिवाळीच्या अलीकडंपर्यंत, रविवार धरून पन्हाळा तालुक्यात आणि पश्चिमेकडं लोकांना घेऊन फिरतात. पंधरापेक्षा जास्त माणसं घेत नाहीत. वर्गणीतला मोठा वाटा तात्यांना जातो. तात्या म्हाळुंग्याच्या बाजूचे, जन्मभर मसाई पठारावर गुरं राखलेले. वाट ते दाखवतात, आणि शेवटी पिठलं-भाकरी, खरडा, दही त्यांच्याच घरी होतं. सोबत आणायचं ते थोडकंच: भिंग, वही, पाणी, आणि शेवाळावर न घसरणारे बूट. छत्री नको, रेनकोट. छत्री धरली की हात अडकतो आणि माणूस खाली वाकत नाही, असं सरांचं म्हणणं. इथं सगळं काम वाकूनच आहे.

पहिल्या रविवारी आम्ही पठारावर गेलोच नाही. पन्हाळ्याच्या रस्त्याला एके ठिकाणी डोंगर कापलाय, तिथं सगळ्यांना भिंतीकडं तोंड करून उभं केलं. समोर काळा कातळ. कुठं गच्च, कुठं भोकाभोकांचा, मधे एक वीटकरी पट्टा. लोक जरा चुळबुळले. सरांनी विचारलं, "हा एक थर आहे. समजा कुणी तो उपटून उलटा करून ठेवला, तर वरची बाजू कुठली हे कसं सांगाल?"

कुणी काही बोलेना. मी म्हटलं, "भोकं जिकडं जास्त, तिकडं वर."

"कशावरून?"

"ब्लोहोल कोप साइडलाच येतात, सर."

मग कोप म्हणजे काय ते मलाच सांगावं लागलं. साच्याच्या दोन पेट्या असतात, वरची कोप आणि खालची ड्रॅग. रस ओतला की त्यातला वायू वर पळायला बघतो. वरची कातडी आधी थिजली तर तो तिथंच अडकतो, आणि मशिनिंगला घेतल्यावर कास्टिंगच्या वरच्या अंगाला भोकं निघतात. असे जॉब मी आयुष्यात किती नापास केले असतील त्याची मोजदाद नाही. सर खूश झाले. लाव्ह्याच्या थराचंही हेच होतं म्हणाले. बुडाशी काही वेळा नळीसारखी उभी भोकं दिसतात, मधला भाग गच्च, आणि वरचा भाग बुडबुड्यांचा. पुढं लाखो वर्षं त्या भोकांतून पाणी झिरपतं आणि आत क्वार्ट्झ, झिओलाइट असले पांढरे खडे भरतात. त्या दिवसापासून माझं नाव 'फौंड्रीवाले' पडलं.

वीटकरी पट्टा म्हणजे दोन उद्रेकांच्या मधला काळ. एक थर थंड झाला, उघडा पडला, त्याची माती झाली, आणि मग त्या मातीवर पुढचा तापलेला थर येऊन बसला. हे सगळं सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वीचं. मी तापमान विचारलं. असा लाव्हा साधारण ११०० ते १२०० अंशांचा. मी म्हटलं, मग आमच्यापेक्षा गारच की. ग्रे आयर्न, म्हणजे आमचं नेहमीचं ओतीव लोखंड, आम्ही १३५० च्या पुढं ओततो. हशा झाला. पण घरी येताना डोक्यात वेगळंच चाललं होतं. आमचा जॉब काही तासांत साच्यातून बाहेर येतो, आणि इथं एकेक थर कित्येक मीटर जाड. तो आतपर्यंत निवायला वर्षं लागली असणार. निवताना आकसणार, आणि आकसला की तडकणार. बांदिवड्याला, आपल्या पन्हाळा तालुक्यातच, असे तडकून झालेले बहुकोनी खांब डोंगरात उभे आहेत. पुढच्या एका फेरीत सरांनी ते दाखवले. बरोबरच्या दोघांना ते कुणीतरी घडवलेत असंच वाटत होतं. माणसानं इतकं सरळ घडवलं असतं तर बिल केवढं झालं असतं, एवढंच माझ्या मनात आलं.

मसाई पठाराची खरी फेरी श्रावणाच्या शेवटाला झाली. पावनखिंडीकडं जाणारे लोक पन्हाळ्याहून राजदिंडीनं उतरून म्हाळुंग्यावरून याच पठारावर येतात. जुलैमध्ये तिथं जत्राच असते. १६६० च्या त्या रात्रीची आठवण म्हणून चालतात, चांगलंच आहे. पण ते चालतात भराभर, आणि आम्ही चढण चढताना दर थोड्या वेळानं थांबून पायाखाली काय आहे ते ओरडून सांगायचो. हा सरांचा नियम. "काळा!" "अजून काळाच!" "मुरूम!" मग माती चिकट होते, पिवळी-पांढुरकी, तांबूस डागांची. आणि शेवटचा टप्पा चढला की एकदम जांभा, खडबडीत, भोकं भोकं, गंजाच्या रंगाचा.

तिथं सरांनी सगळ्यांना बसवलं. धुकं इतकं होतं की पलीकडच्या टोकाचं मसाई देवीचं देऊळ दिसत नव्हतं. जांभा काही वरून आणून ठेवलेला वेगळा दगड नाही, म्हणाले. हा तोच काळा कातळ, पावसानं धुऊन धुऊन असा झालेला. उष्ण हवा, चार महिने धो धो पाऊस आणि आठ महिने ऊन, हे लाखो वर्षं चाललं. पाण्याबरोबर चुना, सोडा, पोटॅश, मॅग्नेशियम गेलं, सिलिकाही गेली. जे विरघळत नाही ते मागं राहिलं: लोखंड आणि अॅल्युमिनियम, दोन्ही ऑक्साइडच्या रूपात. खाणीत ओला असताना हा दगड कुऱ्हाडीनं तासता येतो, आणि वाऱ्या-उन्हात पडला की टणक होतो. म्हणून तर कोकणात त्याचे चिरे काढून घरं बांधतात. आणि आपलं अंबाबाईचं देऊळ काळ्या दगडात आहे. काळा आणि तांबडा, दोन्ही मुळात एकाच भट्टीतले, हे मला साठीला आल्यावर कळलं.

मला त्यात गंमत वाटली ती अशी. क्युपोलात, म्हणजे लोखंड वितळवायच्या भट्टीत, आम्ही चुनखडी टाकतो, ती सिलिकेला धरते, आणि दोन्ही मिळून मळी होऊन वर तरंगतात. मळी काढून टाकली की खाली लोखंड. पावसानंही तेच केलं, सिलिका काढली आणि लोखंड ठेवलं, फक्त कोकचा एक तुकडाही न जाळता.

अॅल्युमिनियमचा अंश जिथं जास्त आहे तिथं त्यालाच बॉक्साइट म्हणतात, आणि आपल्या जिल्ह्याच्या पश्चिमेकडं त्याच्या खाणी झाल्या आहेत. यावर आमच्यात बरीच वादावादी झाली. मी खाणीच्या नावानं बोटं मोडणार नाही. ज्या धंद्यावर माझी पोरं शिकली तो खाणीतून निघालेल्या मालावरच उभा आहे. पण सरांचा मुद्दा मला पटला. जांभ्याची टणक पपडी काढली, खड्डा भरला, वर माती पसरून झाडं लावली, तर तिथं रान होईल; सडा, म्हणजे असं उघड्या कातळाचं पठार, होणार नाही. कारण सड्यावर जे उगवतं ते माती नसण्यावर उगवतं.

हे वाक्य मला तेव्हा नीटसं कळलं नव्हतं. ते कळायला सायकलच्या चाकाची एक तार कारणीभूत झाली.

सरांच्या झोळीत ती तार असते, तिच्यावर नेलपॉलिशनं बोटाबोटाच्या खुणा केलेल्या. पठारावर कुठंही ती हळूच मातीत उभी करायची. टक्कन कातळाला लागली की खूण बघायची आणि मान वर न करता सांगायचं, इथं कुठलं फूल असेल. पहिल्यांदा सगळे चुकतात. पण दोन-तीन ठिकाणी तार लावल्यावर हिशेब जमायला लागतो. तार आत जातच नाही तिथं नुसतं शेवाळ, दगडफूल, काळा बुळबुळीत थर. नखभर माती आणि तिच्यावरून पाण्याचा पातळ पापुद्रा वाहतोय, तिथं सीतेची आसवं, गेंद, दवबिंदू. दोन पेरं माती आणि पाणी जरा कमी, तिथं कवला आणि तेरडा. वीतभर आत गेली की सोनकी आणि उंच गवत. आणि जिथं दगडाला मोठी भेग आहे, तार सगळी आत जाते, तिथं करवंद, अंजनी. पठार लांबून एकच हिरवं दिसतं. तार घेऊन फिरलं की कळतं की त्याचे वाटे पडलेले आहेत आणि ते वाटे दगडानं पाडलेत.

नखभर मातीतल्या मंडळींचं मला फार अप्रूप वाटलं. तिथं खायला काही नाही. पाऊस सगळं धुऊन नेतो, नायट्रोजन जवळजवळ नाहीच. मग ही झाडं किडे खातात. दवबिंदूच्या पानावर चिकट थेंब असतात. भिंगातून बघितलं तर एक चिलट त्यात अडकलेलं, एक पाय अजून हलत होता. सीतेची आसवं त्याहून चलाख. वर एवढुसं निळं-जांभळं फूल, दिसायला अगदी सोज्वळ, आणि खाली ओल्या मातीत टाचणीच्या टोकाएवढ्या पिशव्या. पाण्यातला सूक्ष्म जीव दारावरच्या केसाला लागला की दार आत उघडतं आणि पाण्यासकट त्याला ओढून घेतं, सेकंदाच्या हजाराव्या भागाच्या आसपास. मी पोटावर झोपून बघत होतो. रेनकोटाच्या गळ्यातून पाणी आत गेलेलं कळलंही नाही. बायको म्हणाली, वर्गात तीस वर्षं कीटकभक्षी वनस्पती शिकवली आणि पुस्तकातलं चित्र सोडून आज पहिल्यांदा बघतेय. तिनं फोटो काढला नाही. तिथंच बसून वहीत चित्र काढलं.

तात्या या सगळ्यात थोडे बाजूला उभे असतात. त्यांची विद्या वेगळी. सर एखाद्या झाडाचं लॅटिन नाव सांगतात, आणि तात्या सांगतात गुरं ते खातात का. कवल्याची पिवळी फुलं बघून पोरं 'मिकी माऊस, मिकी माऊस' ओरडली. दोन कान आणि तोंड दिसतं खरं. तात्या म्हणाले, "आमी ह्येची भाजी खातो की. कवळी आसताना." चरण्यावरून दोघांचं जुनं भांडण आहे, पण ते प्रेमाचं. तात्यांचं म्हणणं, "गुरं फिरली न्हाईत तर गवात डोसक्याएवढं हुतंय. मग ह्या बारक्यांना ऊन कुटनं मिळायचं?" सर म्हणतात, बरोबर, पण गुरं किती आणि कधी हे महत्त्वाचं. मला तात्यांचं जास्त पटतं. पठारावर माणसं आणि गुरं शेकडो वर्षं आहेत आणि फुलंही आहेत.

गाड्यांचं मात्र तसं नाही. पठारावर गाडी घालून चाकं फिरवणारे लोक आहेत. चाकोरी पडते तिथं नखभर मातीचा थर फाटतो, पाणी चाकोरीतून पळतं आणि शेजारचा ओला पट्टा सुकतो. तारेनं मोजलं तर चाकोरीत शून्य. तात्यांनी एक चाकोरी दाखवली, बरीच जुनी म्हणाले. तिच्यात शेवाळाखेरीज काही नव्हतं. आता मसाई पठाराला संवर्धन राखीव क्षेत्राचा दर्जा आहे, तेव्हा हे थांबेल अशी आशा करायला जागा आहे.

सगळ्या फेऱ्या अशा भरघोस होतात असं नाही. एका रविवारी सकाळपासून दुपारपर्यंत धुकं आणि पाऊस. हातभर पलीकडचं दिसेना. पुण्याहून आलेलं एक कुटुंब वैतागलं. त्यांना गालिचा हवा होता. कासला कसं, मैलभर जांभळं! आता कासचं कौतुक रास्तच आहे. २०१२ मध्ये पश्चिम घाटातल्या ३९ ठिकाणांना जागतिक वारशाचा मान मिळाला त्यात कास आहे, आणि त्याच यादीत आपलं राधानगरीही आहे, हे कोल्हापूरकर म्हणून मी त्यांना आवर्जून सांगितलं. पण मसाईला फुलं तुकड्या-तुकड्यांनी येतात. गालिचा शोधणाऱ्याला ती सापडत नाहीत. त्या दिवशी सरांनी कुणाला पठारावर फिरवलंच नाही. जांभ्याच्या कडेनं खाली उतरवलं आणि जिथं झरा फुटतो तिथं नेलं. जांभा पाणी पितो, त्याच्या खालची चिकट माती पीत नाही. म्हणून पाणी त्या दोघांच्या सांध्यातून आडवं बाहेर येतं. तात्यांची वाडी त्या झऱ्यावर. "चैतापातूर पुरतंय," एवढंच तात्या म्हणाले. पुण्याच्या गृहस्थांनी मग बराच वेळ त्या सांध्यावर हात ठेवून बघितलं. मुलगी झऱ्यातले बेडूक मोजत होती.

गगनबावड्याची फेरी मी थोडक्यात सांगतो, कारण पाऊस आणि जळवा यांपलीकडं फारसं आठवत नाही. तिथं वर्षाला पाच हजार मिलिमीटरच्या वर पाऊस. कोल्हापूर शहरात त्याचा पाचवा हिस्सा. अंतर पंचावन्न किलोमीटर. हिरवळ कशी दाट होत जाते ते गाडीतूनच दिसतं. कारवी होती, फुलाविना. ती सात-आठ वर्षांनी एकदाच फुलते, म्हटल्यावर काहींनी पुढच्या फुलण्याचं साल वहीत लिहून ठेवलं. मी लिहिलं नाही. मीठ मात्र खिशात भरपूर ठेवलं होतं.

कंदीलपुष्प मला डोंगरावर दिसलं नाही, विद्यापीठात दिसलं. शिवाजी विद्यापीठाच्या वनस्पती उद्यानात डॉ. एस. आर. यादव आणि त्यांच्या विद्यार्थ्यांनी सेरोपेजियाच्या, म्हणजे या कंदीलपुष्पाच्याच, कितीतरी जाती जपल्या आहेत. त्यातल्या काही रानात आता फारच थोड्या उरल्यात. फूल कंदिलाच्या आकाराचं, आतल्या नळीत खाली वळलेले केस. वासानं बारकी माशी आत उतरते, केसांमुळं वर येऊ शकत नाही. फूल कोमेजायला लागलं की केस सुकतात आणि परागाचं पुडकं अंगावर घेऊन माशी सुटते, पुढच्या फुलात अडकायला. नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह, मी म्हटलं. सरांनी ते वहीत टिपून घेतलं. पुढच्या वर्षी ते स्वतःचं म्हणून खपवणार याची मला खात्री आहे.

नियम तसे थोडेच, पण कडक. दगड उलटायचा नाही. जांभ्याच्या सुट्या दगडाखाली विंचू असतो, फुरसं असतं, बेडूक असतात, आणि ते त्यांचं घर. फूल तोडायचं नाही, गौरीचा तेरडासुद्धा पठारावरचा नको, परड्यातला घ्या. ओल्या पट्ट्यावरून एका ओळीत चालायचं. आणि खडे घरी न्यायचे नाहीत, हा नियम मला सगळ्यात जड गेला.

पावसाळा सोडून एकच फेरी असते, एप्रिलमध्ये, आणि तिला फारसं कुणी येत नाही. या वर्षी सर, तात्या, आम्ही दोघं आणि कॉलेजची दोन पोरं. पठार करपलेलं, जांभा पायाला चटका देणारा, डोंगरी चंडोल तेवढे उडत होते. पावसाळ्यात ज्या जागा तारेनं मोजल्या होत्या त्या सगळ्या उघड्या पडल्या होत्या: भेगा, खळगे, पाणी वाहायचे माग. दगडाचा नकाशा आत्ताच दिसतो. पावसात तो हिरव्याखाली झाकलेला असतो. सरांनी एका खळग्यातली चिमूटभर धूळ तळहातावर घेऊन भिंगाखाली धरली. तीत वाळूहून बारीक बिया होत्या, कुणाच्या ते पाऊस पडल्यावर कळेल म्हणाले, आणि फुंकर न मारता ती परत जिथल्या तिथं ओतली. पोरांपैकी एकानं विचारलं, वणवा लागला तर? तात्यांनी पठाराच्या कडेला गवत काढून मोकळा केलेला पट्टा दाखवला. वाडीतली माणसं दर वर्षी काढतात. या वर्षी माणसं कमी पडली, म्हणून खालच्या अंगाला तो अर्धाच झालाय. उरलेला पुढच्या रविवारी करायचाय, खुरपी आमच्याकडं आहेत, फावडी तुम्ही आणा, असं तात्यांनी सांगितलं. मी फौंड्रीतल्या चार पोरांना विचारलंय. दोघं यायला तयार आहेत.